टीव्हीचा आगाऊपणा

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. भिंतीवर 55 इंचांचा पडदा असताना टेबलावरच्या छोट्या मॉनिटरवर गेम कशाला खेळायचे, असं घरातली मुलं विचारणारच, आणि त्यांचं काही चुकत नाही. एक एचडीएमआय केबल लावली की चित्र उमटतं. तक्रारी सुरू होतात त्या नंतर. माउस जड वाटतो, बटण दाबल्यावर गेममधला गडी क्षणभर उशिरा उडी मारतो, अक्षरांच्या कडा धुरकट दिसतात. मग घरात निदान ठरतं की कॉम्प्युटर जुना झाला, एवढा मोठा पडदा त्याला पेलत नाही, नवं ग्राफिक्स कार्ड हवं. माझं मत असं, की बहुतेक घरांत हे निदान चुकीचं असतं. इथे कॉम्प्युटर कमी पडत नाही, टीव्ही आगाऊपणा करतो. आणि तो थांबवायला पैसे लागत नाहीत, रिमोट लागतो.

कॉम्प्युटर टीव्हीला जोडणं ही काही आजची टूम नाही. 1982 साली आलेले झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर 64 हे घरगुती कॉम्प्युटर टीव्हीलाच जोडत. भारतात डेसिबेल्स कंपनीने स्पेक्ट्रम आणला, तोही त्याच पद्धतीचा. त्या काळच्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्र साठवून ठेवायची सोयच नव्हती. सिग्नल येईल तशी ओळीखाली ओळ पडद्यावर उमटत जाई, त्यामुळे उशीर जवळपास शून्य. कार्ट्रिजवाल्या व्हिडिओ गेममधली बदकं मारायची बंदूक नेमक्या याच वेळेच्या भरवशावर चाले, म्हणून आजच्या सपाट टीव्हीसमोर ती बंदूक निकामी ठरते. आताचा टीव्ही आलेलं चित्र लगेच दाखवत नाही. तो ते साठवतो, त्यातला खरखरीतपणा पुसतो, कडा तासतो, रंग चढवतो. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरं चित्रही रचतो. हे मधलं चित्र रचायचं तर पुढचं हाती येईपर्यंत थांबणं भाग आहे. सेकंदाला 60 चित्रांच्या हिशेबात एक चित्र म्हणजे सुमारे 16.7 मिलिसेकंद, आणि अशा साऱ्या प्रक्रिया साठत गेल्या की उशीर कित्येकदा 50 ते 100 मिलिसेकंदांच्या घरात जातो. सिनेमा पाहताना तो जाणवत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवलेला असतो. खेळणाऱ्याच्या बोटांना मात्र कोणी मागे ठेवू शकत नाही. बरं, ही सजावट सिनेमावाल्यांनाही नको आहे. 2018 मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी खास व्हिडिओ करून प्रेक्षकांना विनवलं होतं की हालचाल गुळगुळीत करणारं ते सेटिंग बंद करा.

गेम मोड म्हणजे दुसरं काही नाही, ही सगळी लुडबुड बाजूला ठेवण्याची आज्ञा. तो चालू केला की बऱ्याच टीव्हींवर उशीर 20 मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याखाली येतो. अक्षरं धुरकट दिसण्याचं कारण वेगळं आहे. व्हिडिओतली रंगाची माहिती कमी तपशिलात पाठवायची जुनी रीत आहे, आणि टीव्ही कॉम्प्युटरचं चित्रही त्याच रीतीने हाताळतो. ज्या एचडीएमआय पोर्टला केबल लावली त्याचं नाव टीव्हीच्या मेनूत बदलून ‘पीसी’ केलं, की अनेक टीव्ही रंग पूर्ण तपशिलात दाखवू लागतात. पडद्याच्या कडा कापल्या जात असतील तर तो ट्यूबच्या काळातला वारसा, तोही मेनूतूनच बंद होतो. केबल मात्र पारखून घ्यावी. फोर-के चित्र सेकंदाला 60 वेळा हवं असेल तर 18 गिगाबिटची, 120 वेळा हवं असेल तर 48 गिगाबिटची, आणि टीव्हीचं प्रत्येक पोर्ट एवढा वेग पेलतंच असं नाही. शिवाय केबलचं दुसरं टोक मदरबोर्डच्या पोर्टात नव्हे, ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात हवं. हे सांगावं लागतं याचं हसू येईल, पण महागडं कार्ड कॉम्प्युटरच्या पोटात रिकामं बसून राहतं ते नेमकं या चुकीमुळे.

यावर कोणी म्हणेल, टीव्ही फोर-के आहे, मग कार्डही तेवढ्या ताकदीचं नको का? फोर-के म्हणजे सुमारे 83 लाख ठिपके, फुल एचडीच्या चौपट. पण डोळ्यांनाही मर्यादा आहे. 55 इंची फोर-के पडद्यावरचा एक ठिपका साधारण 0.32 मिलिमीटरचा, आणि निरोगी डोळ्याला तो सुमारे 1.1 मीटरच्या पलीकडून सुटा दिसत नाही. फुल एचडीचे ठिपके सुमारे 2.2 मीटरवर एकमेकांत मिसळतात. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सोफा आणि टीव्ही यांत अंतर असतं ते जवळजवळ तेवढंच. तेव्हा गेम 1440 ओळींवर चालवून चित्र मोठं करायचं काम कार्डातल्या अपस्केलिंगवर सोपवलं, तर सोफ्यावरून फरक सांगणं कठीण. वाचलेली ताकद स्थिर वेगासाठी वापरावी.

गेम मोडमध्ये चित्र फिकं वाटतं, ही तक्रार मात्र अर्धी खरी आहे. बऱ्याच टीव्हींवर त्या मोडचे मूळ रंग निळसर ठेवलेले असतात. रंगाचं तापमान ‘वॉर्म’कडे वळवलं तर ते सुधारतं आणि उशीर वाढत नाही. कन्सोल घेतला की ही कटकट मिटते, असंही सांगितलं जातं. नवे कन्सोल टीव्हीला आपणहून गेम मोडमध्ये नेतात, ही सोय मोठी आहे. पण टीव्ही तोच राहतो आणि घरातला कॉम्प्युटर पडून राहतो. वायफायवरून चित्र पाठवणं सुटसुटीत असलं तरी त्यात चित्र दाबायचं आणि उलगडायचं काम वाढतं, म्हणजे पुन्हा उशीरच. बुद्धिबळासारख्या संथ खेळाला ते चालेल, शर्यतीच्या गेमला नाही. ज्यांना नेमबाजीच्या स्पर्धेत उतरायचं आहे त्यांनी मात्र वेगवान मॉनिटरच घ्यावा, तिथे माझा वाद नाही. आणि ओएलईडी टीव्ही असेल तर विंडोजचा टास्कबार लपवून ठेवा, तासन् तास एकाच जागी उभ्या चित्राचा डाग त्या पडद्यावर कायमचा बसू शकतो.

तेव्हा मुलांनी नव्या कार्डाची यादी पुढे केली, तर आधी त्यांच्याच हाती रिमोट द्या आणि गेम मोड, पोर्टचं नाव व केबल या तीन गोष्टी तपासायला सांगा. एवढं करूनही उडी उशिराच बसली, तर मग दुकानाची वाट धरायला हरकत नाही.