आपल्याच गोष्टीत अडकलेला लेखक

तीनेक आठवडे इकडे फिरकले नाही. तब्येत उत्तम आहे (आई, फोन करू नकोस) आणि कामही नेहमीइतकंच आहे. झालं असं की भाची चार दिवस राहायला आली आणि जाताना मला एका कोरियन कादंबरीची चटक लावून गेली. "मावशी, तू वाच तर खरं. हा लेखक अगदी तुझ्यासारखा आहे, अर्धवट सोडणारा!" हे तिचं शिफारसपत्र. टोमणा मुकाट गिळला आणि वाचायला बसले. मग रात्रीचे दोन कधी वाजायचे ते कळायचंच नाही.

कादंबरीचं इंग्रजी नाव 'द नॉव्हेल्स एक्स्ट्रा'. लेखकाचं टोपणनाव जी गाप सोंग. नायक किम हाजिन हा स्वतःच लेखक. मोठी अद्भुतकथा लिहायला घेतो आणि मध्येच अडकतो, पुढे काही सुचतच नाही. तेवढ्यात कुणीतरी त्याला निरोप पाठवतं की तुमची कादंबरी मी नव्याने लिहू का? हा 'हो' म्हणून मोकळा होतो आणि सकाळी जागा होतो तो आपल्याच कादंबरीत. बरं, नायक म्हणून नाही की खलनायक म्हणूनही नाही. गर्दीत भर म्हणून जी पोरं त्याने उभी केली होती, त्यांतल्या एकाच्या अंगात. सुटायचं तर मूळ कथानकाच्या जवळ राहायला हवं. आणि थोड्याच दिवसांत त्याला कळतं की हे जग त्याने लिहिलं होतं तस्संच्या तसं नाहीये.

आपल्याकडे याला चपखल शब्द आहे, परकायाप्रवेश. कोरियन वाचकांनी तर या प्रकारांचं व्याकरणच करून ठेवलंय. 'ह्वेग्वी' म्हणजे काळात मागे जाऊन तेच आयुष्य पुन्हा जगणं, 'बिंगुई' म्हणजे दुसऱ्याच्या देहात शिरणं आणि 'ह्वानसेंग' म्हणजे सरळसरळ पुनर्जन्म. तिन्हींची पहिली अक्षरं जोडून 'ह्वे-बिंग-ह्वान' असा शब्दही त्यांनी पाडलाय. तिथल्या वेबकादंबऱ्यांचा मोठा हिस्सा या तिघांपैकी कशावर तरी उभा असतो. आपला पुनर्जन्म मागचं विसरायला लावतो आणि कर्माचा हिशोब तेवढा सोबत देतो. यांच्याकडे बरोबर उलटं, आठवण शाबूत आणि हिशोब माफ. पहिल्या पन्नास भागांत मला हेच खटकत होतं. पुढचं सगळं माहीत असलेला माणूस जिंकला तर त्यात नवल ते काय? पेपर फुटलेल्या मुलाने बोर्डात नंबर काढण्यासारखंच ते.

याचा एक पोटप्रकार मला अजिबात पटत नाही. आपल्या जगातला माणूस मरतो, जादूच्या दुनियेत जन्मतो आणि तिथे लेखक म्हणून गाजतो. कशाच्या जोरावर? तर इथल्या थोर कादंबऱ्या आठवून आठवून तिथे स्वतःच्या नावावर खपवायच्या. भाचीचं म्हणणं, "त्या जगात ती पुस्तकं नाहीतच, मग चोरी कुणाची?" यावर आम्ही रात्री बराच वेळ भांडलो. माझं म्हणणं असं की चोरी मूळ लेखकाची होत नसेलही, पण त्या नव्या जगातल्या लेखकांची नक्की होते. त्यांना आपापल्या दुःखातून एक पुस्तक काढायला वीस वर्षं लागतात आणि हा आयत्या तयार पुस्तकांचा गठ्ठा घेऊन उतरतो. भाचीला हे पटलं नाही. 'बोअर करू नकोस' म्हणून ती झोपली.

मग किम हाजिन वेगळा का वाटला? त्याच्यापाशीही माहितीचं भांडवल आहेच की. पण ते हळूहळू खोटं ठरत जातं आणि जिथे खोटं ठरतं तिथेच कादंबरी जिवंत होते. आपण एका वाक्यात उरकलेल्या माणसाला आई-बाप, भीती, आवडीनिवडी सगळं काही आहे हे त्याला कळतं. 'या प्रसंगात काही लोक मरतात' असं कधीतरी सहज लिहून गेलेला माणूस त्याच लोकांशेजारी बसून जेवतो. मला ही लेखकाला झालेली शिक्षा वाटते, आणि न्याय्य शिक्षा.

याचं जुळं भावंड म्हणावं अशी 'ऑम्निसियंट रीडर'. २०१८ ते २०२० या काळात ती 'मुनपिया' नावाच्या कोरियन संकेतस्थळावर भागाभागाने आली. 'सिंग-शोंग' या एकाच नावाने दोघं मिळून लिहितात. २०२५ मध्ये त्यावर सिनेमाही आला. तिथे लेखकाऐवजी वाचक गोष्टीत सापडतो. तीन हजारांहून जास्त भागांची एक रटाळ कादंबरी शेवटपर्यंत वाचणारा जगात हा एकटाच, किम दोकजा. कोरियनमध्ये 'दोकजा' म्हणजे वाचक आणि 'एकुलता एक' असाही अर्थ निघतो. हे कळलं तेव्हा मी पुस्तक (म्हणजे फोन) बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसले. ज्या ब्लॉगला एकच इमानी वाचक आहे त्याच्या मालकिणीला हे लागणारच ना! :)

दोष नाहीत असं नाही. लांबण भयंकर. तिकडे वाचक भागागणिक पैसे मोजतो, एका भागाला साधारण १०० वॉन, म्हणजे सहा-सात रुपये. लेखकाला जवळजवळ रोज एक भाग द्यायचा असतो. मग मारामारी पाच-पाच भाग चालते आणि दर भागाच्या शेवटी कुणीतरी दार ठोठावतं. बायकांची पात्रं सुंदर, शूर आणि नायकाकडे बघून गोंधळलेली. मधूनच हवेत चौकट उगवते, ताकद इतकी, बुद्धी इतकी, जणू प्रगतीपुस्तकच. ही पानं मी सरळ ओलांडते. पण दिवाळी अंकांवर आणि 'क्रमशः'वर वाढलेल्या आपण नाक मुरडावं असंही काही नाही. हे वारं आपल्या दारातही आलेलं आहे. मराठीसकट अनेक भारतीय भाषांतल्या धारावाहिक कथा जिथे वाचल्या जातात त्या 'प्रतिलिपि'मध्ये २०२१ साली 'क्राफ्टॉन' या कोरियन कंपनीने मोठी गुंतवणूक केली. तीच ती, पबजीवाली.

असो. हे सगळं सांगण्यामागे खरं कारण दुसरंच आहे आणि तीन आठवडे मी ते टाळतेय.

जुन्या वाचकांना 'वाडा' आठवत असेल. याच ब्लॉगवर मी क्रमशः लिहीत होते, सात भाग झाले आणि थांबले. 'पुढचा भाग कधी?' असं विचारून विचारून तुम्हीही थकलात. सातव्या भागात तिघे भाऊ माजघरात बसून वाडा विकायचं ठरवतात. त्यांची बहीण 'चहाचा ट्रे ठेवून आत गेली', एवढंच एक वाक्य तिच्या वाट्याला आलं होतं. तिला मी नावसुद्धा दिलं नव्हतं.

मागच्या वर्षी एका लग्नात आत्या शेजारी बसली होती. जेवता जेवता, आवाज न चढवता म्हणाली, "तुझी ती गोष्ट वाचली गं. ती चहा ठेवून आत गेली. मग आत जाऊन तिने काय केलं? तू पुढे लिहिलंच नाहीस." मी काहीतरी हसून वेळ मारून नेली. जिलबी वाढायला लोक आले म्हणून सुटले.

आत जाऊन तिने काय केलं ते मला माहीत होतं. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि स्वयंपाकघरातच होते. तिने आधी कप विसळले. मग बाहेरून हाक आली, तिने पदराला हात पुसले आणि जाऊन हक्कसोड पत्रावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण तुला काय वाटतं असं कुणी विचारलंही नव्हतं. आठवा भाग मला सुचत नव्हता म्हणून गोष्ट थांबली असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खरं नाही. आठव्या भागात ती सही येत होती आणि त्या तिघा भावांतला मधला भाऊ माझे बाबा आहेत, जे हा ब्लॉग वाचतात.

किम हाजिन आपल्याच अर्धवट गोष्टीत जागा झाला, गर्दीतला एक म्हणून. मी तशी त्या माजघरात जागी झाले असते तर कुणाच्या अंगात, हे गेले तीन आठवडे डोक्यातून जात नाहीये. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही ट्रे हातात धरून उभी राहिले असते, की काही बोलले असते? दहाव्या वर्षी तर बोलले नव्हतेच, आणि पस्तिसाव्या वर्षी लिहिलंही नाही.

बाबा, तुम्ही इथपर्यंत वाचलं असेल तर आधी माझ्याशी बोला, काकांना फोन नंतर करा.

आठवा भाग लिहून झालाय. इथे टाकण्याआधी रविवारी तो आत्याला वाचून दाखवणार आहे. ती नको म्हणाली तर तो इथे येणार नाही. काल फोन केला तेव्हा येण्याचं कारण तिने विचारलं नाही. "ये की," म्हणाली, "पण चहा तू करायचास."