एका टी-शर्टची दोन टोके

चांगला खपणारा माल कंपनीने स्वतःहून बाजारातून काढून घ्यावा, असे क्वचितच घडते. सप्टेंबर २०२० मध्ये 'फ्रेड पेरी' या ब्रिटिश कंपनीने मात्र तेच केले. पिवळ्या दुहेरी किनारीचा आपला काळा टी-शर्ट अमेरिका आणि कॅनडात विकणार नसल्याचे तिने जाहीर केले. 'प्राउड बॉइज' या अमेरिकेतील अतिउजव्या संघटनेने त्या टी-शर्टला जणू आपला गणवेशच करून टाकले होते.

यातील विसंगती समजण्यासाठी मूळ पुरुषाकडे वळायला हवे. फ्रेड पेरी हा सूतगिरणीत काम केलेल्या, पुढे मजूर पक्षाचा खासदार झालेल्या सॅम पेरी यांचा मुलगा. १९२९ मध्ये तो टेबल टेनिसचा जगज्जेता झाला. १९३४, १९३५ आणि १९३६ अशी सलग तीन वर्षे त्याने विम्बल्डन जिंकले. तरीही उच्चभ्रूंच्या टेनिस वर्तुळात तो उपराच राहिला. १९३६ च्या अखेरीस तो व्यावसायिक खेळाडू झाला, तेव्हा ऑल इंग्लंड क्लबने त्याचे सदस्यत्वच काढून घेतले. त्याच क्लबने १९८४ मध्ये त्याचा पुतळा उभारला!

टिब्बी वेग्नर या ऑस्ट्रियन फुटबॉलपटूच्या साथीने पेरीने कपड्यांच्या व्यवसायात पाऊल टाकले. लॉरेलच्या पानांचे विजयचिन्ह ल्यालेला त्यांचा शुभ्र टी-शर्ट १९५२ मध्ये विम्बल्डनला अवतरला. साठच्या दशकात स्कूटरवरून हिंडणाऱ्या 'मॉड' तरुणांनी तो मैदानाबाहेर आणला. पुढे 'स्किनहेड' मंडळींनी तो स्वीकारला आणि त्यांच्यातील एक गट वंशद्वेषाकडे वळला. मात्र, गोऱ्या-काळ्या वादकांच्या 'द स्पेशल्स' या वंशवादविरोधी बँडच्या अंगावरही हाच टी-शर्ट होता.

म्हणजेच कापड कंपनीचे असले, तरी त्याचा अर्थ ठरवतो तो अंगावर घालणारा. कायद्याने बोधचिन्हाची नक्कल रोखता येते. रीतसर विकत घेतलेला टी-शर्ट कोणी कशासाठी घालावा, हे ठरवता येत नाही. अशा वेळी विक्री थांबवणे आणि आपला इतिहास ठणकावून सांगणे, एवढेच कंपनीच्या हाती उरते. हा उपाय अपुरा खराच. पण तो आवश्यक होता. ज्याला प्रतिष्ठितांनी दाराबाहेर ठेवले, त्याचेच नाव छातीवर मिरवून इतरांना दाराबाहेर ठेवण्याच्या घोषणा दिल्या जाव्यात, याहून क्रूर विनोद तो कोणता?