दहावी आली, गिटार माळ्यावर गेली

आमच्या भाचीची गिटार परवा माळ्यावर गेली. कारण? दहावी! मोबाईल मात्र हातातच आहे, क्लासची लेक्चर्स त्यावर येतात म्हणे.

पोरगी बीटल्सचं 'लेट इट बी' शिकत होती. 1970 सालचं गाणं. मुख्य कॉर्ड चार: सी, जी, ए मायनर आणि एफ. सोपं वाटतं ना? एफ धरून बघा. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं. एक तार नीट दाबली गेली नाही की आवाज बसलाच. बोटं सोलवटतात. तीन आठवडे झटापट केली तिनं. मग स्वतःच शोधून काढलं, की पाचव्या फ्रेटवर कॅपो लावला तर हेच गाणं जी, डी, ई मायनर, सी असं धरता येतं आणि एफची कटकटच जाते. पेटीवाले पट्टी बदलतात, तोच हिशेब. हा अभ्यास नाही तर काय आहे?

हीच पोरगी शास्त्रीय वादनाच्या परीक्षा देत असती तर कुणी अडवलं नसतं. त्याचे दहावीला वाढीव गुण मिळतात ना! शास्त्रीय संगीताशी माझं भांडण नाही. पण फक्त मार्कांसाठी ते शिकवणं हा त्याचाही अपमानच आहे.

बरं, शाळेचं काय? 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, सहावी ते आठवीत 100 पेक्षा जास्त मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक हवा. 2020 चं शैक्षणिक धोरण म्हणतं, कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको. आणि वर्गात? 'पोर्शन राहिलाय' म्हणून संगीताचा तास गणिताच्या सरांनी घेतलेला आपण सगळ्यांनीच भोगलाय.

'आधी दहावी, मग छंद' म्हणणाऱ्यांनो, मग म्हणजे कधी? पुढे बारावी, सीईटी, नोकरी, लग्न. तुमची स्वतःची बासरी कुठल्या माळ्यावर आहे, आठवतंय का? रोजच्या वीस मिनिटांनी कुणाची दहावी बुडत नाही. पुढच्या पालकसभेत टक्केवारीचं बोलून झालं की एवढंच विचारा: कलेचा तास कधी असतो आणि तो घेतं कोण?

मी रविवारी ताईकडे जातोय. स्टूल लावून आधी गिटार खाली काढणार. बघू कोण अडवतं.