बदली साहेब आणि बदली कामगार



गेल्या महिन्यात आमच्या युनियन ऑफिसात एका ट्रॅकमनची मुलगी पेढे घेऊन आली. मनुष्यबळ व्यवस्थापनात एम.बी.ए. झाली आणि एका खासगी कारखान्यात नोकरीही लागली. चहा घेता घेता म्हणाली, "काका, आमचे सर सांगतात, एका कंपनीत दोन-तीन वर्षांच्या वर राहू नका. आज कारखाना, उद्या बँक, परवा हॉस्पिटल. अनुभव साठला की इंटरिम मॅनेजर व्हायचं. सहा महिने, वर्षभर एखाद्या कंपनीचं खातं सांभाळायचं आणि पुढे जायचं. तुम्हाला काय वाटतं?"

मी मॅट्रिक शिकलेला माणूस. 1988 साली खलाशी म्हणून लागलो आणि पुढे युनियनच्या कामात पडलो. तिला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, ते आज देतो. आपल्या अनेकांची मुले या खात्यात जात आहेत, म्हणून ते सर्वांपुढे ठेवतो.

इंटरिम मॅनेजर म्हणजे ठरावीक मुदतीसाठी बाहेरून आणलेला अधिकारी. ही पद्धत 1970 च्या दशकात हॉलंडमध्ये रुजली असे सांगतात. तिथे कायम माणसाला काढणे कायद्याने अवघड होते, म्हणून कंपन्या मुदतीचे साहेब आणू लागल्या. आपल्या भाषेत बोलायचे तर हा बदली साहेब.

बदली हा शब्द मुंबईच्या गिरणगावाला नवा नाही. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहायचा. कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. 1935 साली मालक संघाने बदली कार्डांची पद्धत आणली, पण वर्षानुवर्षे बदलीत राबूनही कायम न झालेले कामगार शेवटपर्यंत होतेच. 2018 साली केंद्र सरकारने नियम बदलून मुदतीची नोकरी सर्व उद्योगांना खुली केली. आता माझा साधा प्रश्न आहे. साहेबाने पाच कंपन्या बदलल्या तर त्याला विविध अनुभव म्हणतात आणि पगार वाढवून देतात. आमच्या पोराने पाच ठिकाणी मुदतीवर काम केले तर मुलाखतीत विचारतात, "टिकत का नाहीस?" हा न्याय कुठला?

हे खाते आले कुठून तेही नव्या मुलांनी जाणून घ्यावे. पूर्वी गिरणीत भरती, बढती, रजा सगळे जॉबरच्या हाती असे आणि त्यासाठी कामगाराला लाच द्यावी लागे. 1931 साली शाही कामगार आयोगाने ही पद्धत मोडून लेबर ऑफिसर नेमावेत अशी शिफारस केली. 1934 च्या मुंबई कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 49 ने 500 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. 1949 साली जमशेदपूरला झेवियर संस्था निघाली, तिच्या नावातच 'लेबर रिलेशन्स' आहे. म्हणजे कामगाराला दाद मागायला माणूस हवा, म्हणून हे खाते वाढले. पुढे लेबरचे पर्सोनेल झाले आणि पर्सोनेलचे ह्यूमन रिसोर्स. सरकारनेही 1985 साली शिक्षण खात्याला मनुष्यबळ विकास हे नाव दिले आणि 2020 साली पुन्हा शिक्षण मंत्रालय केले. कंपन्यांत कामगार मात्र रिसोर्सच राहिला.

आता रेल्वेतला माझा अनुभव सांगतो. विभागाचे नाव घेत नाही. आमचा एक गँगमन ड्यूटीवर वारला. मुलाच्या अनुकंपा नियुक्तीसाठी त्याची विधवा ऑफिसच्या पायऱ्या चढू लागली. पहिल्या साहेबांनी शाळेचा दाखला मागितला. तो आणेपर्यंत त्यांची बदली झाली. दुसऱ्यांकडे दोन खात्यांचा चार्ज होता. ते म्हणत, "मी फक्त चार्ज बघतोय, नेमके अधिकारी आले की बघू." तिसरे आले आणि त्यांनी चौकशी अहवाल नव्याने मागवला, कारण आधीचा फाईलमध्ये सापडेना. चौदा महिने गेले. तेवढ्यात त्या बाईचे मंगळसूत्र गहाण पडले. शेवटी काम झाले ते कल्याण निरीक्षकामुळे. तो नऊ वर्षे त्याच टेबलावर होता आणि पहिल्या अहवालाची प्रत त्याने आपल्या कपाटात जपून ठेवली होती. तिन्ही साहेबांपैकी कुणी वाईट नव्हते. पण दिलेला शब्द पुढच्याला सांगून जाणे हे कुणालाच आपले काम वाटले नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चार महिन्यांसाठी आलेल्या एका अधिकाऱ्याने आमची वर्षानुवर्षे अडकलेली सीनियॉरिटी लिस्ट लावून दिली. कुणाला खूश ठेवायचे नव्हते, म्हणून त्याला ते जमले. एकाच खुर्चीत फार काळ बसलेला माणूस गट करतो हेही आपण पाहतो. तेव्हा माणसाने फिरूच नये असे मी म्हणत नाही. डिसेंबर 2019 मध्ये मंत्रिमंडळाने रेल्वेच्या आठ सेवा एकत्र करण्याचा निर्णय घेतला, त्यात पर्सोनेलही होते. एका खात्यातून दुसऱ्यात जाणे यापुढे वाढणार.

धोका आहे तो हिशेबात. मुदतीच्या साहेबाचे काम मुदतीत मोजतात. माणसे किती कमी केली, करार किती लवकर उरकला. करारातली खोट कळते वर्षभराने, तेव्हा सही करणारा दुसऱ्या गावी असतो आणि कामगार तिथेच असतो. 2020 पासून रेल्वेचे पास संगणकावर निघतात, ही सोय चांगलीच. पण मीटिंगमध्ये तोंडी दिलेले आश्वासन संगणकात नसते.

म्हणून प्रत्येक युनियनने चार गोष्टींचा आग्रह धरावा. एक, जाणाऱ्या अधिकाऱ्याने प्रलंबित प्रकरणांची आणि दिलेल्या आश्वासनांची लेखी यादी पुढच्याला द्यावी आणि तिची प्रत युनियनला मिळावी. दोन, तात्पुरता चार्ज असणाऱ्यालाही निर्णयाचे पूर्ण अधिकार लेखी द्यावेत. तीन, रेल्वेत 1952 पासून स्थायी वाटाघाटी यंत्रणा, म्हणजे पीएनएम, आहे. तिथल्या प्रत्येक मुद्द्याचे इतिवृत्त त्याच आठवड्यात सह्या होऊन निघावे. चार, खालून वर येण्याची वाट रुंद करावी. रेल्वेत ग्रुप बी च्या 30 टक्के जागा मर्यादित स्पर्धा परीक्षेने भरतात, त्यामुळे कारकुनालाही सहाय्यक कार्मिक अधिकारी होता येते. खासगी कारखान्यांत अशी वाट क्वचितच दिसते.

आणि मुली, तुला एवढेच सांगतो. कंपन्या बदल, अनुभव घे, तुझ्या बापाला जे मिळाले नाही ते मिळव. पण पहिली नोकरी किमान एका पगार कराराच्या सुरुवातीपासून अंमलबजावणीपर्यंत कर. सही केलेल्या कागदाचे पुढे काय होते ते डोळ्यांनी बघ. हजेरीपट आणि सर्व्हिस बुक स्वतः वाचायला शीक. रात्रपाळीत एकदा तरी खात्यात चक्कर मार. आणि जिथून जाशील तिथे दिलेल्या शब्दांची यादी टेबलावर ठेवून जा. पायऱ्या चढणारी बाई तुझ्यानंतरही तिथे येणार आहे.