नेतृत्वाची शाळा शिवारात भरते

युवक-नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला सध्या भलताच बहर आला आहे. शिबिरे भरतात, वक्तृत्व शिकविले जाते, भिन्न जातिधर्मांची मुले एका पंगतीस बसतात आणि समारोपानंतर आपापल्या वस्तीत परततात. पंगत अवश्य व्हावी. परंतु जमीन आणि मजुरी यांच्या ज्या विषमतेने वस्त्या दुभंगल्या, तिला हात न लावता साधलेला एकोपा किती दिवस टिकणार?

या संदर्भात बिहारमधील बोधगयेच्या लढ्याचे स्मरण उद्बोधक ठरेल. जयप्रकाश नारायण यांनी १९७५ मध्ये छात्र-युवा संघर्ष वाहिनी स्थापन केली. पक्षनिरपेक्षता, शांततामय मार्ग आणि तिशीची वयोमर्यादा ही तिची बंधने होती. बोधगयेच्या शैव मठाने कमाल जमीनधारणेच्या कायद्याला बगल देऊन हजारो एकर जमीन आपल्या ताब्यात ठेवली होती. ती कसणारे भुइयां जातीचे भूमिहीन मजूर मात्र अर्धपोटी राबत होते. १९७८ पासून वाहिनीचे तरुण-तरुणी या मजुरांच्या वस्त्यांत राहू लागले आणि जमिनीवरील कसणाऱ्यांच्या हक्काचा लढा उभा राहिला. १९७९ च्या ऑगस्टमध्ये दोन मजुरांचे बळी गेले, तरीही आंदोलनाने अहिंसेची कास सोडली नाही. अखेर ऐंशीच्या दशकात मठाची जमीन भूमिहीनांत वाटली जाऊ लागली.

खरी कसोटी मात्र येथूनच सुरू झाली. पट्टे पुरुषांच्या नावे निघू लागताच स्त्रियांनी सवाल केला: लढताना आम्ही आघाडीवर, मग सातबारा नवऱ्याचाच का? कुटुंबप्रमुख पुरुषच, अशी सरकारी अधिकाऱ्यांची भूमिका होती. घरच्या पुरुषांचाही विरोध होता. वाहिनीतील तरुणींनी हा प्रश्न लावून धरला आणि काही गावांत जमीन स्त्रियांच्या नावे झाली. सर्वत्र हे घडले नाही, हेही खरे. परंतु ज्यांना जागे करण्यासाठी तरुण गेले होते, त्यांनीच लढ्याला पुढचा धडा दिला.

नेतृत्व-प्रशिक्षणाचे मूल्यमापन प्रमाणपत्रांच्या संख्येवरून करणे व्यर्थ आहे. शिबिरानंतर गावात कोणाची मजुरी वाढली, कोणाच्या नावावर जमीन चढली, ग्रामसभेत कोण प्रथमच निर्भयपणे बोलले, हे विचारले पाहिजे. या प्रश्नांना उत्तर नसेल, तर त्या शिबिरांतून पुढारी निपजतील. समाज जोडला जाणार नाही.