हेल्दी, स्लिम आणि वीक

इंग्रजीत बारीक माणसासाठी शब्द किती! थिन, स्लिम, स्लेंडर, लीन, स्किनी. दहावीच्या मुलांच्या हातातल्या एका गाईडात या पाचही शब्दांपुढे एकच अर्थ छापलेला मी पाहिला आहे, ‘बारीक’. मुलं तो पाठ करतात आणि मार्कही मिळवतात. वैजापुरात इतकी वर्षं इंग्रजी शिकवल्यावर मला मात्र वाटतं, की हा घोटाळा नुसत्या मार्कांपुरता राहिलेला नाही.

थिन म्हणजे रोड. त्यात कौतुक नाही, निंदाही नाही. फार तर आजारातून उठलेल्या माणसाबद्दल काळजी. स्लिममध्ये कौतुक आहे, आपला सडपातळ. स्लेंडर त्याहून नाजूक, आपली शेलाटी. स्किनी म्हणजे हाडं मोजून घ्यावीत असा हडकुळा. तोंडावर म्हटलं तर समोरच्याला राग यावा. आणि लीन म्हणजे अंगावर चरबी नाही, जे आहे ते कामाचं. त्याच्या तोलाचा आपला शब्द काटक. आठवडी बाजारात कांद्याची गोणी पाठीवर टाकून भराभर चालणारा हमाल पाहा, म्हणजे अर्थ सांगावा लागत नाही.

गंमत अशी, की थिन आपल्याच भाऊबंदांपैकी निघतो. संस्कृतातला ‘तनु’ आणि हा थिन एकाच मुळातून आलेले. तनु म्हणजे बारीक आणि तनु म्हणजे शरीरही. ज्या स्लिमच्या मागे सगळं जग धावतं त्याचं कूळ मात्र फारसं चांगलं नाही. त्याचा जर्मन भाऊ ‘श्लिम’ आजही ‘वाईट’ या अर्थाने वापरतात.

मराठीत शब्दांचा तोटा आहे म्हणावं तर तसंही नाही. किडकिडीत, लुकडा, शिडशिडीत ही एका बाजूची वरात. दुसऱ्या बाजूला गुबगुबीत, दणकट, धिप्पाड, आडदांड, लठ्ठ. गुटगुटीत बाळालाच शोभतं. चाळिशीतल्या साहेबांना म्हणून पाहा! थोराड मुलगी म्हणजे जाड नव्हे, वयापेक्षा मोठी दिसणारी. लहान चणीचा म्हणजे वाळलेला नव्हे, हाडापेरानेच लहान. आमच्या आजीला हे फरक कुठल्या शाळेने शिकवले नव्हते.

या सगळ्यांच्या जागी आता तीनच शब्द येऊन बसले आहेत. लठ्ठ माणूस ‘हेल्दी’. बारीक मुलगी लग्नाची असेल तोवर ‘स्लिम’, आणि तीच सून होऊन आली की ‘वीक’. दोष सगळा इंग्रजीवर ढकलू नये. ‘तब्येत’ हा शब्द आपणच दुहेरी करून ठेवला आहे. प्रकृतीही तब्येत आणि अंगावरचं मांसही तब्येत. जावयाचं पोट सुटलं की सासूबाई खूश होऊन म्हणतात, ‘तब्येत सुधारली हो!’ ज्या मुलखाने १९७२ चा दुष्काळ सोसला, तिथे वाढलेलं वजन म्हणजे सुबत्ता वाटणारच. त्याला हसण्यात अर्थ नाही.

पण या शब्दांच्या आड आजार लपतात. माझ्या ओळखीच्या घरातल्या एका मुलीला जिना चढताना धाप लागायची. घरचे म्हणत, तिचा बांधाच स्लिम आहे. बायोडाटातही तेच लिहिलेलं. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन सात निघालं. ती स्लिम नव्हती, रोडावलेली होती. आणि ‘रोडावली’ म्हटलं असतं तर कुणीतरी ‘का?’ असं विचारलं असतं. ही गोष्ट एका घराची नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं.

उलट बाजूची समजूतही तितकीच पक्की आहे. ‘मी बारीक, मला कशाची साखर?’ याचं उत्तर आपल्या पुण्यातूनच मिळालं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. वजनकाट्याच्या हिशेबाने दोघं सारखेच. पण अंगातली चरबी मोजली, तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! एक लीन, दुसरे नुसते थिन. गाईडातल्या ‘बारीक’ या एका अर्थात हा सगळा फरक गडप होतो.

याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत नवजात बाळंही मापली. ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हलकी. त्यांच्या अंगावर मांस कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. यासाठी इंग्रजीतही नवा जोडशब्द करावा लागला, ‘थिन-फॅट’. बारीक आणि जाड, एकाच माणसात. मराठीत त्याला काय म्हणावं, मी अजून शोधतो आहे.

शब्द सापडेपर्यंत टेप तरी वापरावा. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर ओलांडली, की अंगकाठी कशीही दिसो, पोटात चरबी साठली आहे असं डॉक्टर धरतात. मात्र माप अंगावर घ्यावं, पँटचा नंबर सांगू नये. आपल्याकडे पँट पोटाच्या खाली बांधायची पद्धत आहे, आणि तिथे भलेभले हेल्दी लोकही स्लिम निघतात.