पाटा काढण्यापूर्वी

जुनी जीप बाळगणे ही आपल्या भागात आता हौसेची बाब झाली आहे. एके काळी शेतावरची पोती, बाजारची माणसे आणि कचेरीचे साहेब वाहणारे हे वाहन आज महाविद्यालयीन तरुणांच्या हाती आले आहे. गाडी हाती आली की पहिला बेत ठरतो तो मागचा ॲक्सल बदलण्याचा आणि पाटे काढून कॉइल स्प्रिंगा बसवण्याचा. हा बेत मुळातच चुकीचा आहे, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, मूळ ॲक्सल आणि मूळ पाटे कोणकोणती कामे करीत होते याचा हिशेब मांडल्यावाचून त्यांना हात लावणे हे धाडस नव्हे, तो अविचार आहे. आणि या अविचाराची किंमत बहुधा मागच्या बाकावर बसलेला माणूस मोजतो.

ही गाडी दुसऱ्या महायुद्धात जन्मली. १९४१ ते १९४५ या काळात विलीस आणि फोर्ड या अमेरिकन कारखान्यांनी ती लाखोंनी बांधली. स्वातंत्र्यानंतर महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने ती मुंबईत जुळवण्यास प्रारंभ केला, आणि १९५३ साली अमेरिकेत निघालेले सीजे-३बी हे उंच बॉनेटचे रूप पुढे कित्येक वर्षे भारतात तयार होत राहिले. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीपगाड्या याच घराण्यातील. तिच्या चारही चाकांना पाटे आहेत. तिच्यात बसले की हाडे खिळखिळी होतात, ही तक्रारही गाडीइतकीच जुनी.

पण हा पाटा करतो तरी काय? गाडीचे वजन पेलणे हे त्याचे एकच काम दिसते. वस्तुतः त्याची कामे चार आहेत. तो वजन पेलतो. तो ॲक्सलला पुढेमागे वा डावीउजवीकडे सरकू देत नाही. इंजिनाचा जोर चाकांवर आला की ॲक्सलचे हौसिंग उलट दिशेने फिरू पाहते, त्याला तोच अडवून धरतो. आणि पानावर पान घासून तो उसळीही थोडी मारतो. कॉइल स्प्रिंग यांपैकी पहिलेच काम करते. बाकीच्या कामांसाठी ॲक्सलला पुढून धरणारे दांडे हवेत, आडवा पॅनहार्ड रॉड हवा, चांगला शॉकॲब्सॉर्बर हवा, आणि ते सारे ज्याला जोडायचे त्या चासिसवर त्या ताणाला पुरे पडतील असे ब्रॅकेट हवेत. पाटा काढून कॉइल बसवली म्हणजे एका नोकराला काढून चार नोकर ठेवावे लागतात. पगार मात्र एकाचाच काढून ठेवलेला असतो, ही खरी अडचण आहे.

आता ॲक्सलकडे वळू. सीजे-३बीचा पहिला गिअर सुमारे २.८, ट्रान्सफर केसचा लो सुमारे २.४ आणि ॲक्सलचे प्रमाण ५.३८, म्हणजे पिनियनचे आठ दाते आणि क्राउनचे त्रेचाळीस. यांचा गुणाकार सुमारे ३६ होतो. इंजिनाचा पीळ छत्तीसपट होऊन चाकांपर्यंत येतो. जुने पेट्रोल इंजिन काढून जड डिझेल इंजिन बसवले की पीळ वाढतो आणि मूळ ॲक्सलवरचा भार वाढतो, हे खरेच आहे. शिवाय लष्करी जीपचा मागचा ॲक्सल फुल-फ्लोटिंग होता. त्यात शाफ्ट केवळ फिरवण्याचे काम करी. पुढच्या नागरी जीपमध्ये सेमी-फ्लोटिंग ॲक्सल आला. त्यात शाफ्ट चाकाचे वजनही वाहतो आणि बाहेरच्या टोकाशी तुटला तर चाकच निखळू शकते. तेव्हा भक्कम ॲक्सलची इच्छा धरणाऱ्याला वेडा म्हणता येणार नाही.

परंतु भंगारबाजारात मिळालेला दुसऱ्या गाडीचा ॲक्सल बसवताना प्रमाणाचा प्रश्न येतो. समजा, ५.३८ च्या जागी ४.१० चा ॲक्सल आला. त्याच इंजिनफेऱ्यांना गाडी ३१ टक्के अधिक वेगाने पळेल. हमरस्त्यावर हे सुखाचे वाटते. पण चाकांवरची ओढ २४ टक्क्यांनी घटली, हे घाट चढताना कळते. जुन्या जीपचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालतो. त्यामुळे गाडी ताशी ६० किलोमीटर धावत असता काटा ४६ वरच राहील. हँडब्रेकही चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर आहे. त्याचा जोर ॲक्सलच्या प्रमाणानेच वाढून चाकांपर्यंत जातो. म्हणजे उतारावर उभ्या गाडीला धरून ठेवणारी पकडही त्याच २४ टक्क्यांनी सैल झाली. बदलला मागचा ॲक्सल, आणि बिघडला तो हँडब्रेक!

पुढचा ॲक्सल ५.३८ चाच राहिला असेल तर आणखी एक संकट. फोर-व्हीलमध्ये ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरवते. दोन्ही ॲक्सलची प्रमाणे निराळी असली तर एक तरी चाकजोडी सतत घसरलीच पाहिजे. चिखलात ती घसरून निभावून नेईल. डांबरावर किंवा खडकावर तो ताण दात्यांवर आणि युनिव्हर्सल क्रॉसवर येतो. मग खेड्याच्या वाटेवर काहीतरी तुटते आणि दोष मात्र सुट्या भागांच्या दर्जाला दिला जातो.

गाडी उंच करण्यासाठी पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवण्याचा प्रकारही लोकप्रिय आहे. मूळ जीपमध्ये पाटा ॲक्सलच्या खाली असतो. तो वर घेतला की अंग चार-पाच इंच उचलले जाते. त्याबरोबर प्रोपेलर शाफ्ट अधिक तिरका होतो. युनिव्हर्सल क्रॉस तिरका चालला की प्रत्येक फेरीत गती दोनदा वाढते व दोनदा घटते; दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तरच हा चढउतार परस्परांत जिरतो. म्हणून पाट्याची बैठक हौसिंगवर पुन्हा वेल्ड करताना पिनियनचा कोन मोजून घ्यावा लागतो. नजरेने घेतलेला कोन पुढे थरथर होऊन बोलतो.

तोलाचे गणित तर अकरावीच्या भौतिकशास्त्रातले आहे. या जीपच्या दोन चाकांमधील अंतर सुमारे ४८ इंच. त्याचे निम्मे २४. समजा गुरुत्वमध्य जमिनीपासून २४ इंचांवर आहे, तर गाडी ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. तोच २८ इंचांवर नेला की सुमारे ४०.६ अंशांवरच कलंडेल. प्रत्यक्षात स्प्रिंगा व टायर दबत असल्याने ती वेळ त्याहूनही आधी येते. याच जातीच्या गाड्यांनी वर्षानुवर्षे वडापाची दहा-दहा माणसे वाहिली आहेत. वळणावर चार इंचांची किंमत काय, ते त्या माणसांना कुणी विचारीत नाही.

यावर कुणी म्हणेल की, खुद्द कारखान्यांनीच पाटे सोडून दिले ना? सोडले, हे खरे. रेंज रोव्हर १९७० साली कॉइल स्प्रिंगांवर आली. लँड रोव्हरने १९८३ च्या वन-टेन गाडीत तेच केले. आपल्याकडे २०१० च्या थारला मागे पाटे होते, २०२० च्या थारला कॉइल आहेत. पण यांपैकी कुणीही जुन्या सांगाड्यावर नव्या स्प्रिंगा चिकटवल्या नाहीत. त्यांनी चासिस, दांडे, ब्रेक, शाफ्टचे कोन हे सारे एकत्र मांडले, तोडून पाहिले, मग विकले. आपण त्यांचा निष्कर्ष तेवढा उचलतो आणि रीत गाळतो.

शिवाय आपल्या जीपची हाडमोड पाट्यांमुळेच होते असे तरी कुठे आहे? पानांमध्ये गंज चढलेला, शॅकल अडकलेले, बुश झिजलेले, शॉकॲब्सॉर्बर कधीचेच निकामी! पाटे उतरवून साफ करावेत, तुटले पान बदलावे, बुश व शॉकॲब्सॉर्बर नवे घालावेत. एवढ्यानेच अनेकांची हौस फिटेल आणि खर्चही वाचेल.

कायद्याची बाजूही विसरून चालणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला, दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. मला हा कायदा हेतूने योग्य पण वाटेने अपुरा वाटतो. जर्मनीत असा बदल तज्ज्ञ परीक्षकापुढे ठेवता येतो. तो उतरला तर कागदपत्रांत नोंद होते, नाही तर गाडी रस्त्यावर येत नाही. आपल्याकडे इंधनबदल किंवा दिव्यांगांसाठीचे फेरबदल यांना वाट आहे. हिशेबाने केलेल्या ॲक्सलबदलालाही तपासणीची वाट असावी. सरसकट मनाईने काम थांबत नाही, ते रात्री आडबाजूच्या शेडमध्ये होते आणि तपासणाराच नाहीसा होतो.

मित्रहो, बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर उभे राहून मराठी, कन्नड आणि हिंदी एकाच वाक्यात बोलणारे कारागीर आहेत. त्यांच्या हातात जे आहे ते आपल्या पुस्तकांत नाही. आणि आपल्या वहीत जे गणित आहे ते करायला त्यांना सवड नाही. महाविद्यालयाने एक जुनी जीप मिळवावी, तिचा मागचा ॲक्सल उतरवावा आणि दाते मोजण्यापासून पिनियनचा कोन घेण्यापर्यंत सारे विद्यार्थ्यांनी त्या कारागिरांच्या देखरेखीखाली करावे. बदल करायचा की नाही, ते त्यानंतर ठरवावे. कदाचित बरेच जण तोच ॲक्सल, तेच पाटे साफ करून पुन्हा चढवतील. जे बदलतील, त्यांना काय बदलले ते ठाऊक असेल.